सजद्यात हात कुठे, कोपरं कुठे, पाय कुठे?

सजद्यातल्या (नमाजमध्ये कपाळ जमिनीला टेकवताना) हातापायांच्या ठेवणीबद्दल सोलापुरातून बरेच प्रश्न आले आहेत. या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. शहरातल्या बहुतेक मशिदींत नमाज हनफी पद्धतीने होते (हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली हे सुन्नी मुस्लिमांचे चार विधी-पंथ), म्हणून उत्तर आधी त्या पद्धतीचं दिलं आहे. शाफई किंवा अहले हदीस (या चार पंथांऐवजी थेट हदीसवर चालणाऱ्यांच्या) पद्धतीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. हे फरकसुद्धा हदीसवरच (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींवरच) उभे आहेत. त्यावरून सफेत (नमाजच्या रांगेत) कुणाला टोकू नये, एवढी विनंती.

सजद्यात तळहात कानांजवळ ठेवायचे की खांद्यांजवळ? आमच्या मशिदीत दोन्ही प्रकार दिसतात. शिवाय कोपरं बाहेर काढली की शेजारचा कुरकुरतो आणि आत घेतली की ती जमिनीला टेकतात. करायचं काय? — विजापूर वेस

हजरत इब्ने अब्बास यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पैगंबर (स.) म्हणाले, मला सात हाडांवर सजदा करण्याचा हुकूम झाला आहे: कपाळ (हे सांगताना त्यांनी हाताने नाकाकडेही खूण केली), दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची टोकं. यात हात म्हणजे तळहात. कोपर या सातांत येत नाही, आणि पुरुषांच्या सजद्यात सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. हजरत बरा बिन आजिब यांच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे: सजदा करताना तळहात टेकवा आणि कोपरं वर उचला. हजरत अनस यांच्या हदीसमध्ये कुत्र्यासारखे हात जमिनीवर पसरायला मनाई आहे. जमिनीवर फक्त तळहात, मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा हात वर.

आता जागा. हनफी पद्धतीत चेहरा दोन्ही तळहातांच्या मध्ये येतो, अंगठ्यांची टोकं कानांच्या पाळ्यांच्या रेषेत. याला आधार हजरत वाइल बिन हुज्र यांची हदीस. शाफई पद्धतीत तळहात खांद्यांच्या रेषेत येतात, त्याला आधार हजरत अबू हुमैद यांची हदीस. तुमच्या मशिदीत दिसणारे दोन्ही प्रकार बरोबर आहेत. चूक आहे तो तिसरा प्रकार: हात खांद्यांच्याही मागे, जवळजवळ गुडघ्यांशी. तिथे मनगट फार मोडतं, वजन पेलत नाही आणि कोपर आपोआप खाली येतं.

बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली आणि टोकं किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला). रुकूमध्ये (कंबरेत वाकतो तेव्हा) बोटं फाकवून गुडघे पकडायचे असतात, सजद्यात ती जुळवायची असतात. घाईत बरेच जण रुकूतली फाकलेली बोटं तशीच घेऊन खाली जातात. अंगठा बाहेर सुटतो, तोही आत घ्यावा. मूठ वळून किंवा फक्त बोटांच्या पेरांवर टेकू नये, पूर्ण तळहात जमिनीला लागला पाहिजे.

कोपरांचं पाहू. हजरत अब्दुल्लाह बिन मालिक बिन बुहैना सांगतात की पैगंबर (स.) सजद्यात हात इतके दूर ठेवत की काखेचा गोरेपणा दिसे. हजरत मैमूना यांची हदीस आहे की बकरीचं कोकरू हातांखालून जाऊ म्हणालं असतं तर गेलं असतं. एकटं नमाज पढताना किंवा इमामत (इतरांच्या पुढे उभं राहून नमाज पढवणं) करताना एवढं मोकळं व्हावं. जमातीत (सामूहिक नमाजमध्ये) मात्र शेजाऱ्याला त्रास देऊन सुन्नत (पैगंबरांची रीत) पुरी करायची नसते. तिथे कोपरं बाजूला न फाकवता वर आणि थोडी मागे न्यायची, बरगड्यांपासून दोन-चार बोटं सुटी. शेजाऱ्याला धक्का लागत नाही आणि कोपर जमिनीलाही लागत नाही.

तरीही कोपर खाली येत असेल तर दोष बहुधा कोपरात नसतो. गुडघे टेकल्यावर कंबर टाचांकडे सरकवून आपण आखडता सजदा करतो, तेव्हा पोट मांड्यांवर येतं, खांदे जमिनीजवळ जातात आणि हाताला वर राहायला जागाच उरत नाही. मांड्या जमिनीवर जवळजवळ उभ्या राहतील इतकं पुढे जाऊन कपाळ टेका. पोट मांड्यांपासून सुटतं, खांदे वर येतात आणि कोपरं विनासायास उचलली जातात. याच्या उलट फार पुढे लोटून, अंग सपाट ताणूनही सजदा करू नये. तसं केलं की सगळा भार कपाळावर आणि मानेवर येतो, पाय उचलले जातात.

खाली जाण्याचा क्रमही विचारला जातो. रुकूतून उठल्यावर आधी सरळ उभं राहायचं, पाठीचं हाड आपल्या जागी येऊ द्यायचं. मग गुडघे, मग हात, मग नाक, मग कपाळ. उठताना उलट: कपाळ, नाक, हात, गुडघे. हनफी, शाफई आणि हंबली पद्धतींत खाली जाताना गुडघे आधी. मालिकी आणि अहले हदीस हात आधी टेकतात, त्यांच्याकडे हजरत अबू हुरैरा यांची हदीस आहे. आजारी किंवा वयस्कर माणसाने जे झेपेल ते करावं. कंबर धरलेली असताना गुडघे आधी टेकण्याच्या हट्टापायी धाडकन पडणं बरं नाही.

नाकाबद्दल एक गोष्ट. कपाळ टेकलं आणि नाक अधांतरी राहिलं तर सजदा होतो, पण विनाकारण असं करणं हनफी मतानुसार मकरूह (नापसंत) आहे. उलट, काही अडचण नसताना फक्त नाक टेकून कपाळ वर ठेवलं तर सजदा होत नाही. चष्मा लावून सजदा करणाऱ्यांचं नाक बरेचदा वर राहतं. चष्मा आड येत असेल तर काढून ठेवा. टोपीची कडही कपाळाच्या वर सरकवा, केस आणि टोपी आड न येता कपाळ जमिनीला लागलं पाहिजे.

मी पावरलूम कारखान्यात पाळीला असतो. दिवसभर उभं राहिल्यावर सजद्यात पायाची बोटं मुडपली की पोटरीत गोळा येतो, मग पाय उचलला जातो. एक जण म्हणाला, पाय उचलला की नमाज मोडली. खरं का? — अक्कलकोट रोड एमआयडीसी

क्षणभर पाय उचलला गेल्याने नमाज मोडत नाही, धसका घेऊ नका. हनफी मत असं की पूर्ण सजदाभर दोन्ही पाय हवेत राहिले तर तो सजदा धरला जात नाही. एका पायाचं निदान एक बोट, एकदा 'सुब्हान रब्बियल आला' म्हणण्याइतका वेळ तरी, जमिनीला लागलेलं हवं. ही अगदी कमीत कमी अट झाली. सुन्नत अशी की दोन्ही पावलं उभी, टाचा वर, बोटं मुडपून त्यांची टोकं किब्ल्याकडे. अबू हुमैद यांच्या हदीसमध्ये पायांच्या बोटांची दिशासुद्धा सांगितली आहे. पैगंबरांचे (स.) पाय सजद्यात उभे होते हे हजरत आयशा यांनी अंधारात हाताने चाचपडून पाहिलं, ती हदीस मुस्लिम या संग्रहात आहे.

बोटं मुडपायची म्हणजे त्यांच्या पोटाकडची बाजू जमिनीला लावून टोकं पुढे वळवायची. कित्येक जण पाऊल मागे ताणून नुसती नखं टेकवतात. त्यात बोटं किब्ल्याच्या उलट दिशेला जातात आणि पोटरी आखडते, गोळा येण्याचं एक कारण हेच. दुसरं कारण आधीच्या उत्तरात आलं: फार पुढे लोटलेला सजदा. वजन गुडघे आणि हातांवर नीट वाटलं गेलं की बोटांवर थोडंच येतं.

सुरुवातीला पाचही बोटं वळणार नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वळली तरी चालेल, करंगळी बहुतेकांची वळतच नाही. उजू करताना (नमाजाआधी हातपाय धुताना) बोटांच्या मधून खिलाल करतोच (ओलं बोट फिरवतोच), तेव्हाच प्रत्येक बोट हाताने वर मुडपून थोडं ताणा. पाळी सुटल्यावर लगेच नमाजला उभं राहण्याआधी भिंतीला हात लावून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणून घ्या. मोजे घालून फरशीवर नमाज पढत असाल तर पाय मागे घसरतो, मोजे काढा किंवा पायाखालीही कापड घ्या. जानमाज (नमाजची चटई) साधारण साडेतीन ते चार फूट लांब असते, उंच माणसाचे पाय तिच्याबाहेर फरशीवर जातात. तिथे मात्र फरशी कोरडी हवी.

टाचा जुळवाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात, यावर दोन्ही मतं आहेत. तुम्हाला ज्यात तोल राहतो तसं करा.

मी विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते, मनगटं आणि गुडघे भरून येतात. सासूबाई म्हणतात कोपरं जमिनीवर टेकव. जाऊबाई दुसऱ्या मशिदीच्या दर्सला (धर्माच्या वर्गाला) जातात, त्या म्हणतात पुरुषांसारखीच वर ठेव. कुणाचं ऐकू? — शास्त्रीनगर

सासूबाई हनफी पद्धत सांगतात आणि जाऊबाई अहले हदीस. दोघींच्याही म्हणण्याला त्यांच्या त्यांच्या आलिमांचा (धर्मपंडितांचा) आधार आहे. हनफी पद्धतीत स्त्रीने अंग आवरून सजदा करायचा: पोट मांड्यांना लागलेलं, दंड अंगाशी, हात कोपरापर्यंत जमिनीवर, पावलं उभी न करता दोन्ही उजवीकडे काढलेली. तळहातांची जागा आणि बोटांची जुळणी तीच, पुरुषांसारखी. शाफई पद्धतीतही (कोकणातले बरेच मुस्लिम याच पद्धतीचे) स्त्री अंग आवरूनच सजदा करते. अहले हदीस आलिम सांगतात की कोपरं न पसरण्याची हदीस सगळ्यांसाठी आहे, तेव्हा स्त्री-पुरुषांत फरक नाही. ज्या पद्धतीने तुम्ही बाकीची नमाज पढता तीच सजद्यातही धरा. एका रकातीत (नमाजच्या एका आवर्तनात) एक, दुसऱ्यात दुसरी असं करू नका, आणि घरात यावरून अबोला तर नकोच.

तुमच्या दुखण्याचं पाहिलं तर हनफी पद्धतीत भार कोपरापर्यंतच्या सगळ्या हातावर वाटला जातो, मनगटावर एकवटत नाही. विड्या वळताना मनगट आणि बोटं सारखी आत वळलेली असतात. त्यामुळे नमाजाआधी तळहात समोर धरून, बोटं दुसऱ्या हाताने हलकेच मागे ओढून, दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत धरा. सजद्यात भार तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्यावरच टाकू नका, बोटांच्या मुळांवरही येऊ द्या. गुडघ्यांखाली सोलापुरी चादरीची दुहेरी घडी चालते, त्यात काही गैर नाही. फक्त घडी गुडघ्यांपुरती असू द्या, कपाळाखाली तिचा काठ येऊ देऊ नका.

ओढणी कपाळावर सरकली आणि तिच्यावरच सजदा झाला तर हनफी पद्धतीत सजदा होतो. शाफई पद्धतीत अंगावरच्या, आपल्याबरोबर हलणाऱ्या कपड्यावर सजदा चालत नाही, त्या बहिणींनी ओढणी आधीच कपाळाच्या वर पिन लावून घ्यावी.

फोमची जाड जानमाज भेट मिळाली आहे. कपाळ आत दबतं. चालेल का? आणि उन्हाळ्यात अंगणातली फरशी तापते तेव्हा? — नई जिंदगी

कसोटी एकच: कपाळ दाबत गेलं की एका जागी ते थांबलं पाहिजे, त्यापुढे आणखी दबायला नको. खाली घट्टपणा लागला तर सजदा झाला. पातळ फोमवर बहुतेक वेळा तो लागतो. जाड गादीवर, कापसाच्या ढिगावर किंवा स्प्रिंगच्या पलंगावर कपाळ नुसतं टेकवलं आणि दाबलं नाही तर सजदा होत नाही. घरी करून पाहा: कपाळ टेकवून हळूहळू भार द्या. बोटभर दबून खालची फरशी कपाळाला लागली तर जानमाज वापरा. जितका भार द्याल तितकं कपाळ आतच जात राहिलं तर ती बसायला ठेवा आणि नमाजसाठी साधी सतरंजी किंवा चादर घ्या. मऊ जाड जानमाजेवर तळहातही आत रुततात, मनगट जास्त मोडतं आणि दुखतं, हा त्याचा दुसरा तोटा.

तापलेल्या फरशीबद्दल हदीस आहे. हजरत अनस सांगतात की उन्हाच्या कडाक्यात सहाबी (पैगंबरांचे साथी) सजद्याच्या जागी कपड्याचं टोक पसरून त्यावर सजदा करीत. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा जुम्याला (शुक्रवारच्या नमाजला) मशिदीच्या सहनात (अंगणात) बसणाऱ्यांनी जाड टॉवेल बरोबर आणावा. टॉवेल कपाळ आणि तळहात दोन्ही मावतील एवढा हवा. नुसत्या कपाळाखाली रुमाल टाकला की हात भाजतो, माणूस तो उचलतो किंवा बोटांच्या टोकांवर धरतो, आणि सगळी ठेवण बिघडते. टॉवेल गुळगुळीत फरशीवर सरकतो, म्हणून त्याची खालची कड गुडघ्यांखाली दाबून घ्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. खुर्चीवर बसून नमाज पढतो. समोर टेबल ठेवून त्यावर कपाळ टेकवू का? सजद्याच्या वेळी हात कुठे? — सात रस्ता

टेबलाची गरज नाही, चाचा. जमिनीवर सजदा करणं शक्य नसेल तर इशारा पुरतो. रुकूसाठी थोडं झुकायचं, सजद्यासाठी त्याहून जास्त. हा फरक राखणं आवश्यक आहे, दोन्ही वेळा सारखंच झुकू नका. उशी किंवा लाकूड उचलून कपाळाला लावू नये, त्याला हदीसमध्येच मनाई आलेली आहे. हात गुडघ्यांवर ठेवा. काही जण खुर्चीवर बसून तळहात हवेत पुढे धरतात, जणू समोर जमीन आहे. ते नको.

हजरत इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना सांगितलं: उभं राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. म्हणून खुर्चीच्या आधी एक गोष्ट तपासा. जमिनीवर पाय लांब करून किंवा बाजूला काढून बसता येतं का? त्या बैठकीतून कपाळ जमिनीला लागत असेल तर खुर्चीवरचा इशारा पुरणार नाही, सजदा जमिनीवरच करायचा. मात्र ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गुडघा मुडपायला किंवा खाली बसायला मना केलं असेल तर ते पाळा, त्यात नमाजला काही कमीपणा येत नाही. मशिदीत तुम्ही पूर्ण नमाज बसून पढत असाल तर खुर्चीचे मागचे पाय सफेच्या रेषेत येतील अशी ती ठेवा, म्हणजे तुमचे खांदे इतरांच्या रेषेत राहतात आणि मागच्याला सजद्याची जागा मिळते.

सजदा किती वेळ करायचा? तरावीहमध्ये (रमजानच्या रात्रीच्या नमाजमध्ये) तर एक तस्बीह पुरी होत नाही. — बेगम पेठ

सुन्नत किमान तीन तस्बीह ('सुब्हान रब्बियल आला' तीनदा). त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक अंग जागेवर स्थिर झालं पाहिजे, हनफी मतानुसार ते वाजिब (आवश्यक) आहे. कावळ्यासारखी चोच मारायला हदीसमध्ये मनाई आहे. दोन सजद्यांच्या मध्येही नुसतं डोकं उचलून पुन्हा टेकवायचं नसतं: डावा पाय आडवा, त्यावर बसायचं, उजवं पाऊल उभं, हात मांड्यांवर, पाठ सरळ, आणि मगच दुसरा सजदा. वेग इमामांच्या हातात असतो. त्यांना नमाजनंतर एकट्यात, अदबीने सांगा. आणि मुक्तदीने (इमामांच्या मागे पढणाऱ्याने) इमामांच्या आधी डोकं उचलू नये, खालीही इमामांच्या मागून जावं. सहाबी तर पैगंबरांचं (स.) कपाळ जमिनीला लागेपर्यंत पाठ वाकवत नसत.

मुलगा आठ वर्षांचा आहे. कितीही सांगितलं तरी कोपरं टेकवतो. — होटगी रोड

सात वर्षांपासून नमाज शिकवायची, तेव्हा वय अगदी योग्य आहे, आपा. तोंडी सांगून मुलाला कळत नाही, कारण सजद्यात त्याला स्वतःचं कोपर दिसत नाही. जानमाजेवर खडूने पाच खुणा करा: कपाळ एक, तळहात दोन, गुडघे दोन. कपाळाची खूण गुडघ्यांपासून इतकी पुढे ठेवा की त्याच्या मांड्या उभ्या राहतील. मग त्याच्या प्रत्येक कोपराखाली तुमची मूठ उभी धरा आणि सांगा, मूठ दबली नाही पाहिजे. आठवडाभर रोज दोन रकाती अशा पढवा. रागावू नका, मुलांचे हात लहान असतात आणि दंडात जोर यायला वेळ लागतो.

नवीन घर घेतलं आहे. बोटं किब्ल्याकडे म्हणता, पण किब्ला सरळ पश्चिमेला की तिरका? — जुळे सोलापूर

सोलापुरातून काबा सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १२ अंश आहे. एवढ्या फरकाने सरळ पश्चिमेला पढलेली नमाज वाया जात नाही, पण नवीन घरात जागा नेमकी आखून घेणं चांगलं. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर येतो: २७-२८ मे रोजी आपल्याकडे दुपारी २.४८ वाजता आणि १५-१६ जुलैला २.५७ वाजता. त्या वेळी गच्चीवर किंवा खिडकीत दोरीला वजन बांधून लोंबकळत सोडा आणि तिच्या सावलीवर फरशीवर रेघ मारा. सावली काब्याच्या उलट दिशेला पडते, म्हणून सावलीच्या टोकाकडून दोरीच्या बुडाकडे तोंड केलं की तो किब्ला. जुलैत ढग असण्याची शक्यता फार, मे महिन्यातला दिवस धरा. मोबाइलच्या होकायंत्राने आखत असाल तर लोखंडी कपाट, पलंग आणि खांबांतल्या सळ्यांपासून दूर, खोलीच्या मध्यभागी उभं राहून दोन-तीनदा पाहा. लोखंडाजवळ काटा सहज वीस-पंचवीस अंश भरकटतो.